विझता विझता राहिलेल्या भट्ट्या

ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की अँडरलेख्तच्या साध्या वस्तीत एक जुनं लाकडी फाटक लागतं. आत १९०० साली सुरू झालेली कांतियों ब्रुअरी आहे. बेल्जियमच्या छोट्या ब्रुअऱ्या बघायला निघालेला बिअरचा रसिक बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. गाडी अजून ताब्यात घ्यायची असते, रस्त्यांचे नकाशे उघडायचे असतात. पण त्याआधी हा जिना चढायचा असतो. अरुंद लाकडी जिन्याने माळ्यावर गेलं की छपराखाली तांब्याची एक अवाढव्य परात दिसते. जेमतेम गुडघाभर खोल, पण खोलीएवढी लांब-रुंद.

या परातीत थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सुमारे साडेसात हजार लिटर उकळता रस ओततात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, आणि कच्चा गहू यांचा हा गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर काही तास उकळलेला असतो. मग छपराची झरोकेवजा दारं उघडतात आणि माणसं घरी जातात. रात्रभर बाहेरची गार हवा त्या काढ्यावरून वाहते आणि हवेतलं, तुळयांतलं, भिंतींतलं जंगली यीस्ट त्यात उतरतं. सकाळी तो रस ओकच्या पिंपांत भरतात. काही दिवसांनी पिंपाच्या तोंडातून फेस उसळून वर येतो. वेगळं यीस्ट कोणी घातलेलं नसतं. कोकणात माडाच्या पोयीखाली टांगलेल्या मडक्यातली माडी ज्या न्यायाने आपसूक आंबते, गोव्यात काजूच्या बोंडांचा रस फेणीच्या भट्टीवर चढण्याआधी ज्या न्यायाने फसफसतो, तोच न्याय इथे. फरक काळाचा. माडी दिवस मावळेपर्यंत चढते, काजूच्या रसाला तीनेक दिवस पुरतात. लाम्बिक नावाच्या या बिअरला मात्र एक ते तीन वर्षं पिंपात बसावं लागतं.

पिंपांच्या त्या अंधाऱ्या खोलीत कोळ्यांची जाळी कोणी झाडत नाही. आंबणाऱ्या रसाच्या आणि फळांच्या वासावर माश्या, चिलटं येतात; त्यांचा बंदोबस्त कोळी करतात, औषध फवारायला लागत नाही. पाहुण्याला हे आधी गमतीचं वाटतं. थोडं थांबून पाहिलं की लक्षात येतं, या इमारतीचा प्रत्येक कोपरा बिअरमध्ये सामील आहे. छप्पर बदललं तर चव बदलेल या भीतीने लाम्बिकवाले जुनी कौलं आणि तुळयाही जपून हाताळतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या ब्रसेल्समध्ये शंभरावर ब्रुअऱ्या होत्या. जुन्या पद्धतीने लाम्बिक करणाऱ्यांपैकी शहरात उरली ती ही एकच. तीही उरली एका जावयामुळे. कांतियों घराण्याचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी हा धंदा हातात घेतला तेव्हा लाम्बिकपासून होणारी आंबट ग्यूझ पिणारी पिढी संपत आली होती आणि बाजार गोड पेयांकडे वळला होता. १९७८ साली त्यांनी चालू ब्रुअरीलाच संग्रहालय म्हणून खुलं केलं: लोकांनी तिकीट काढून यावं, परात बघावी, पिंपं बघावीत, आणि शेवटी पेलाभर चाखावी. बघायला आलेल्या लोकांनी ब्रुअरी तगवली.

बेल्जियमच्या रस्त्यांवर बिअरसाठी हिंडताना ही गोष्ट वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या आडनावांनी पुन्हा पुन्हा भेटते. पाटीवर १७५९, १७८५, १८३५ अशी सालं असतात. ती खरीच आहेत. पण प्रवाशाने खरी विचारायला हवी ती दुसरी तारीख: भट्टी विझत आली होती तेव्हा कोण आलं, आणि कधी.

विझण्याची कारणं कागदावर मोजता येतात. १९०० च्या सुमारास या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. जवळजवळ प्रत्येक गावाची आपली, मोठ्या गावात दोन-तीन, आणि पुष्कळदा ब्रुअरीचा मालक म्हणजेच गावचा शेतकरी किंवा महापौर. १९१४ साली जर्मन फौजा आल्या. व्यापलेल्या मुलखात त्यांनी धान्य ताब्यात घेतलंच, शिवाय ब्रुअऱ्यांतली तांब्याची भांडी उतरवून दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे पाठवली. ज्या कढईत आजोबांनी बिअर उकळली तिच्या जागी भिंतीवर नुसता काळा डाग राहिला. युद्धानंतर देशात दोनेक हजार ब्रुअऱ्या शिल्लक होत्या. पुढे दुसरं महायुद्ध, मग फ्रीज, मालमोटारी, आणि मोठ्या कंपन्यांची स्वच्छ, पिवळी, थंडगार पिल्स बिअर. मोठ्या कंपनीने गावातली ब्रुअरी विकत घ्यायची, तिच्या गिऱ्हाइकांचे कॅफे आपल्या बिअरला बांधून घ्यायचे आणि भट्टी बंद करायची, हा रिवाजच पडला. १९९० च्या सुमारास आकडा शे-सव्वाशेवर आला होता.

ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला गाडी वळवली की वीस मिनिटांत शहर संपतं आणि पायोटेनलांडचा चढउताराचा मुलूख लागतो. झेने नदीचं हे खोरं म्हणजे लाम्बिकचं माहेर. आधी भेटतं बेर्सेल, तिथून पुढे लेम्बेक. इथली शेतं, विटांची घरं, चर्चचे मनोरे यांत डोळ्यात भरावं असं फारसं नाही. जे आहे ते तळघरांत.

लाम्बिकच्या जगात एक धंदा असा होता की त्याला भट्टी लागतच नसे. हे लोक वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांकडून ताजा काढा विकत घेत, आपल्या तळघरातल्या पिंपांत मुरवत, आणि मग एक, दोन व तीन वर्षांची लाम्बिक चाखून चाखून एकमेकींत मिसळत. कोवळ्या लाम्बिकमध्ये अजून साखर शिल्लक असते. जुनीत खोली असते. दोन्ही बाटलीत एकत्र आल्या की आतल्या आत पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होते आणि बुचाखाली शॅम्पेनसारखा फेस तयार होतो. हीच ग्यूझ. लाम्बिक आंबट चेरी घालून मुरवली की क्रीक. चहाच्या लिलावात जशी जिभेची माणसं असतात तशी ही माणसं. त्यांची सगळी पुंजी जिभेवर आणि आठवणीत. पिंप क्रमांक अमुक गेल्या चैत्रात कसं लागत होतं, हे ज्याला आठवतं तो खरा मिसळणारा.

लाम्बिकची पाककृती मात्र फक्त जिभेने ठरवलेली नाही, सरकारनेही ठरवलेली आहे. १८२२ साली, बेल्जियम अजून डच राजाच्या अमलाखाली असताना, बिअरवरचा कर माल्ट भिजवायच्या हौदाच्या आकारमानावर बसवला गेला. हौद मोठा, कर मोठा. मग ब्रुअरांनी लहान हौदात धान्य ठासून भरायला सुरुवात केली, कच्चा गहू वाढवला आणि गढूळ रस थोडाथोडा काढून वेगळा उकळायची किचकट पद्धत रूढ झाली. त्या रसात सहज न पचणारा स्टार्च राहतो, आणि वर्षानुवर्षं पिंपात जगणाऱ्या जंगली यीस्टला नेमका तोच शिधा लागतो. पुढे १८८५ मध्ये कायदा बदलला. पद्धत राहिली. अशी परंपरा कोणा पूर्वजाच्या साक्षात्कारातून आली नाही म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. कारकुनाच्या नियमातून वाट काढणाऱ्या माणसांची हुशारी तिच्यात साठली आहे, आणि तिचा मान ठेवायलाच हवा.

लेम्बेकमध्ये फ्रांक बोन या तरुणाने १९७० च्या दशकात द व्हिट्स नावाचा जुना मिसळणाऱ्यांचा धंदा विकत घेतला. त्या काळी ग्यूझमध्ये पैसा घालणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं होतं. बेर्सेलमध्ये डेबेल्डेर कुटुंबाचं द्री फॉन्टायनेन, म्हणजे ‘तीन कारंजी’, हे रेस्टॉरंट आणि त्याच्या पोटातलं तळघर. आर्मां डेबेल्डेर यांनी वडिलांकडून मिसळण्याची कला घेतली आणि पुढे स्वतःची भट्टीही घातली. २००९ च्या मे महिन्यात त्यांच्या गोदामातला तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला. गोदाम भट्टीसारखं तापलं. हजारो बाटल्या फुटल्या, ज्या फुटल्या नाहीत त्यातली बिअर बिघडली. वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. त्यांनी ती बिघडलेली बिअर गाळून तिची दारू काढली, तिला आपलं नाव दिलं आणि ती विकून थोडे पैसे उभे केले. काही वर्षं स्वतःची भट्टी नव्हती तेव्हा इतर ब्रुअऱ्यांनी त्यांना काढा पुरवला. आर्मां २०२२ मध्ये गेले. त्यांच्याकडे शिकलेली माणसं आज ते काम चालवतात.

बेर्सेलमध्येच औड बेर्सेल ही १८८२ सालची ब्रुअरी. २००२ मध्ये मालकांनी कुलूप लावलं. तिची ग्यूझ पिऊन वाढलेला एक बिअरप्रेमी, गेर्ट क्रिस्तियान्स, पुढे सरसावला आणि २००५ मध्ये पिंपं पुन्हा भरली. काढा शेजारच्या बोनच्या भट्टीवर औड बेर्सेलच्या कृतीने उकळायचा आणि मुरवायला बेर्सेलच्या तळघरात आणायचा, असा मार्ग त्याने काढला. लाम्बिकवाल्यांनी १९९७ मध्ये आपली संघटना बांधली, त्याच सुमारास युरोपीय संघाने पारंपरिक लाम्बिक आणि ग्यूझच्या पद्धतीला संरक्षण दिलं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी एका शनिवार-रविवारी या ब्रुअऱ्या दारं उघडतात आणि रसिकांच्या बसगाड्या या गावातून त्या गावात फिरतात.

रस्ता आता पश्चिमेला, फ्रेंच बोलणाऱ्या एनो प्रांतात जातो. भाषा बदलते, शेतं मोठी होतात, बीटचे ढीग दिसतात. तूर्प गावातली द्युपों ब्रुअरी आजही शेताच्या वाड्यातच आहे. तो वाडा १७५९ सालचा, आणि तिथे शेत आणि बिअर एकत्र नांदले. १९२० मध्ये आल्फ्रेड द्युपों यांनी ती आपल्या लुई या मुलासाठी विकत घेतली. मुलगा कॅनडात शेती घ्यायला निघाला होता. वडिलांना तो जवळ हवा होता. एका बापाच्या मायेपायी जगाला एक बिअर मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

इथल्या बिअरला सेझों म्हणतात, म्हणजे मोसम. जुनी रीत सांगितली जाते ती अशी: हिवाळ्यात शेतावर काम नसे तेव्हा बिअर करायची, गड्यांना रोजगार द्यायचा, उरलेला चोथा गुरांना घालायचा, आणि उन्हाळ्यात कापणीला येणाऱ्या मजुरांची तहान त्या बिअरने भागवायची. ती हलकी, कोरडी आणि कडसर असायला हवी, कारण उन्हात गोड पेय तहान वाढवतं. द्युपोंच्या कढईखाली अजूनही थेट ज्वाळा पेटते आणि त्यांचं यीस्ट इतर ब्रुअरांना घाम फुटेल अशा उष्णतेत, तिशीच्या वरच्या तापमानात, काम करतं.

तिथून जवळच पिपे हे खेडं. या एवढ्याशा गावात दोन जुन्या ब्रुअऱ्या आहेत. त्यातली एक १७८५ ची, आणि तिचं नावच वाफेवरून पडलेलं: ब्रासरी आ व्हापर. १९८४ मध्ये जाँ-लुई दिट्स यांनी ती मोडकळीला आलेली घेतली. आत १८९५ सालचं वाफेचं इंजिन होतं. दुसऱ्या कोणी ते भंगारात काढलं असतं. दिट्स यांनी ते चालतं केलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बॉयलर पेटतो, चामड्याचे पट्टे फिरू लागतात, माल्टच्या हौदातली अवजड फावडी गोल गोल हलू लागतात, आणि सगळी खोली भिजलेल्या धान्याच्या गोड वासाच्या वाफेने भरून जाते. प्रवाशाने आपला बेत या शनिवारभोवतीच आखावा. फोटोत इंजिन दिसेल, पण त्याचा ठोका पायाखालच्या फरशीतून अंगात येतो तो तिथेच.

पूर्वेकडच्या हूखार्डन गावाकडे या फेरीत वळता येत नसलं, तरी त्याची हकीकत टाळून चालणार नाही. सुटकेच्या या कथांमधली ती सर्वात पहिली आणि सर्वात कडू. गव्हाची पांढरी, ढगाळ बिअर हे त्या गावाचं शतकानुशतकांचं वैशिष्ट्य. नारिंगाची वाळलेली साल आणि धने घातलेली. होय, आपले स्वयंपाकघरातले धने. १९५७ मध्ये टॉमसिन ही तिथली शेवटची पांढऱ्या बिअरची ब्रुअरी बंद झाली. पोरवयात तिथे हाताखाली काम केलेला पिएर सेलिस नावाचा दूधवाला त्या चवीला मुकलेल्या गावकऱ्यांचं ऐकत राहिला, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने घराच्या गोठ्यालगत जुन्या भांड्यांवर ती बिअर पुन्हा केली. वीस वर्षांत ती देशभर पोचली. १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली, विमा अपुरा होता, आणि उभं राहण्यासाठी ज्या मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला तिच्याच हातात अखेर सगळं गेलं. सेलिस अमेरिकेत टेक्ससमध्ये जाऊन पुन्हा गव्हाची बिअर करू लागला. २००५ मध्ये कंपनीने हूखार्डनची ब्रुअरीच दुसऱ्या शहरात हलवायची घोषणा केली तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं, आणि दोन वर्षांनी निर्णय मागे घ्यावा लागला. दूधवाल्याने जे उभं केलं ते गावाने आपलं मानलं होतं.

बेल्जियन बिअर एवढी कडक का, हा प्रश्न गाडी पश्चिम फ्लांडर्सकडे जाताना कोणाच्याही मनात येतो. पुढचे पेले आठ-दहा टक्क्यांचे असतात. उत्तराचा मोठा भाग पुन्हा कायद्यात आहे. १९१९ मध्ये समाजवादी नेते एमिल फान्डरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने कॅफेंमध्ये जिनसारखी कडक दारू विकण्यावर बंदी आली. कामगारांचा पगार घरी पोचावा हा हेतू होता. ती बंदी १९८३ पर्यंत कागदावर होती. जिन गेली तेव्हा ब्रुअरांनी बिअरलाच ताकद दिली. मोर्टखाट कुटुंबाची डूव्हल, म्हणजे ‘सैतान’, आणि वेस्टमालेच्या मठाची १९३४ सालची ट्रिपल ही त्याच काळाची अपत्यं.

डिक्सम्यूडेजवळच्या एसेनमध्ये १९८० साली हेर्टेलेर बंधूंनी १८३५ सालची आचके देणारी ब्रुअरी घेतली आणि तिला स्वतःहूनच ‘वेडे बिअरवाले’ असं नाव दिलं. त्यातले क्रिस हेर्टेलेर वास्तुरचनाकार आणि चित्रकार. बाटल्यांवरची चित्रं त्यांचीच. त्यांची आई म्हातारपणीही पाहुण्यांना कढया, परात दाखवत ब्रुअरीभर फिरवायची. त्यांच्या बिअरला यीस्ट येत असे रूसेलारेच्या रोडेनबाख ब्रुअरीकडून. शेजारच्या घरून विरजण आणावं तसं. १९९८ मध्ये रोडेनबाख दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि लवकरच हे विरजण मिळणं थांबलं. क्रिस यांनी आपल्याकडचं जपून वाढवलं, पण चवीचा तोल पुन्हा साधायला वेळ लागला. मालकी बदलली की काय काय तुटतं, याचा हिशेब कुठल्याच करारात नसतो.

या मुलखाला बाहेरचे रसिक यायला लागले त्यामागे एका इंग्रज पत्रकाराचा मोठा वाटा आहे. मायकल जॅक्सन त्याचं नाव, गायकाशी संबंध नाही. त्याच्या १९७७ च्या जागतिक बिअरवरील पुस्तकाने आणि १९९१ च्या खास बेल्जियमवरच्या पुस्तकाने लोकांना कळलं की या खेड्यांत काय शिल्लक आहे. अमेरिकेतून मागणी आली, आणि गावात खप घटलेल्या बाटल्या समुद्रापार जाऊ लागल्या. आज देशात ब्रुअऱ्या पुन्हा चारशेच्या आसपास आहेत, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशात स्थान दिलं. संकट मात्र संपलेलं नाही. परातीला गार रात्री लागतात, आणि त्या कमी होत चालल्या आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात हवा इतकी उबदार होती की कांतियोंला काम थांबवावं लागलं.

एसेनहून पुढे, पोपरिंगेच्या वाटेवर उंच खांब आणि तारांची शेतं दिसू लागतात. हे हॉप्सचे मळे. पहिल्या महायुद्धात आघाडी इथून हाकेच्या अंतरावर होती आणि देशाचा हा एवढाच कोपरा जर्मनांच्या ताब्यात गेला नाही. म्हणून वेस्टव्लेटरनच्या सिंट सिक्स्टस मठातली तांब्याची भांडी वाचली. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या या मठात साधूंनी १८३८-३९ पासून बिअर केली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ठरवलं की धंदा मठापेक्षा मोठा होता कामा नये. १९४६ मध्ये बाहेर विकायची बिअर करण्याचा परवाना त्यांनी जवळच्या वाटूमधल्या ब्रुअरीला दिला, आणि १९९२ मध्ये तोही संपवला. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन फारसं वाढवलं नाही. आठवड्यातले थोडेच दिवस बिअर होते, यीस्ट वेस्टमालेच्या मठातून येतं. पुष्कळ वर्षं बाटलीवर कागद चिकटवलेला नसे. कोणती बिअर ते झाकणावरून ओळखावं लागे: हिरवं, निळं, पिवळं.

ती विकत घ्यायची तर आधी नाव नोंदवावं लागतं. वर्षानुवर्षं हे फोनवर चालत असे, गाडीचा नंबर द्यावा लागे, आणि त्याच गाडीला पुन्हा माल मिळायला साठ दिवस थांबावं लागे. २०१९ पासून नोंदणी संगणकावर होते. ठरलेल्या वेळी गाड्या मठाच्या फाटकाशी रांगेत उभ्या राहतात. पाळी आली की रिकामे लाकडी खोके आणि बाटल्या आधी परत करायच्या, त्यांची अनामत मोजून घ्यायची, आणि मग चोवीस बाटल्यांचे भरलेले खोके स्वतः उचलून डिकीत ठेवायचे. रस्त्याच्या पलीकडे मठाचाच कॅफे आहे. ज्याला गाडी पुढे न्यायची नाही तो तिथे बसतो, मळ्यांकडे तोंड करून, आणि पिवळ्या झाकणाची एक बाटली मागवतो.